गार इंजिनाचा लौकिक

बंदरातल्या फेरीबोटीवरच्या इंजिन मिस्त्रीला सगळे थंडोबा म्हणत. माणूस तसा चांगला चपळ, थंड होतं ते त्याचं इंजिन. बावीस वर्षांत ते एकदाही तापलं नाही, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगे. कामावर लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकला होता. पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याची कूलरकडची वाट अडवून धरणं, हे त्या थर्मोस्टॅटचं काम. अडवणाराच गेला, कटकट मिटली.

दर तीन वर्षांनी सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतली लोखंडी अस्तरं, मात्र झिजत. थंडोबा ते दोन दिवसांत बदलून बोट चालू करून देई आणि मालक पाठ थोपटत, "हात लागावा तर तुमचाच." आता दोन इंजिनांची नवी बोट येणार होती. निवृत्तीआधी तिचा ताबा मिळावा, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात उरली होती.

नेमकी तेव्हाच मोठ्या जहाजावर इंजिनिअर असलेली लेक सुट्टीवर आली. तिने खाली उतरून पाण्याच्या तापमानाचा काटा पाहिला.

"बाबा, पंचावन्न? ऐंशीच्या आसपास हवं."

"गार आहे ना? मग कौतुक कर की."

"इतकं गार राहिलं की जळलेल्या डिझेलमधलं आम्ल आत लायनरवर दवासारखं जमतं. तेच खातंय तुमचे लायनर. आमचे दहा वर्षांत बदललेले नाहीत."

थंडोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं शाबासकी घेतली ती आपणच बिघडवलेलं दुरुस्त करण्याची! दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप नवा थर्मोस्टॅट बसवला. काटा ब्याऐंशीवर जाऊन स्थिर झाला.

आठवड्याने मालक आले. त्यांनी पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हे काय, तापलंय की."

"बघतो साहेब" म्हणून वेळ मारून नेता आली असती. थंडोबाच्या ओठांवर ते आलंही होतं.

"साहेब, आज बरोबर आहे," तो म्हणाला. "चुकत होतं ते बावीस वर्षं."

वय झालं बिचाऱ्याचं, अशा नजरेने मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. नवी बोट शेजारच्या बोटीवरच्या मिस्त्रीला मिळाली. त्याचं इंजिन कायम गार असतं. थर्मोस्टॅट कसा काढायचा, हे त्याला थंडोबानेच शिकवलं होतं.