यंत्राच्या वाटणीचं दूध

हौसामावशी दुधाची कुपी कधी उघडी आणायची नाही. बाळंतिणींच्या वॉर्डपासून माझ्या खोलीपर्यंत जेमतेम चाळीस पावलं, तरी कुपी पदराखाली. आईच्या दुधाला दृष्ट लागते, हे तिचं पक्कं मत. मावशी खारबावची, भिवंडीतल्या आमच्या हॉस्पिटलात आया. मी तिथे प्रयोगासाठी नवी आलेली. दुधाच्या थेंबावर प्रकाश टाकायचा आणि त्यात स्निग्धांश किती, प्रथिनं किती, हे ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं, हे माझं काम. "म्हंजे मशीनची शाला घेतेस तू," मावशी म्हणायची.

बाळंतिणींशी तिची मराठी-हिंदी एकत्रच चालायची. "रडून दूध येत न्हाय, बेटी. पानी पी, बच्चे का मुँह देख." आणि खरंच पान्हा फुटायचा. आमच्या कुठल्याही यंत्राला हे जमलं नसतं.

लूमवर काम करणाऱ्याची बायको नसीम सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी तळहातावर मावेल एवढी. नसीमच्या दुधात यंत्राला दर वेळी स्निग्धांश फार कमी दिसे. मी शहाणी, तिच्या तोंडावरच बोलून गेले, "दूध पतला है तुम्हारा." तिने मान खाली घातली. त्या दिवसापासून दूध कमी होत गेलं आणि आठवड्यात आटलं. मुलगी वरच्या दुधावर गेली.

पुढे लक्षात आलं, सगळ्याच बाळंतिणींचं दूध पातळ दिसतंय. मी मावशीला विचारलं, नमुना कसा घेतेस?

"पयलं पातल येतं, ते तुला. मागनं घट्ट येतं, ते बालाला. मशीनला काय बालसं धरायचं हाय?"

यंत्र चुकलं नव्हतं. सगळं दूध काढून, ढवळून, त्यातलं थोडं आणायचं, हे मी तिला कधी तोंडाने सांगितलंच नव्हतं. सूचनांचा इंग्रजी कागद तेवढा हातात दिला होता.

मावशीचा चेहरा उतरला. "मंग नसीमचं दूध माज्यामुलं आटलं?"

आटलं होतं माझ्या जिभेमुळे. तेवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "जाऊ दे मावशी, होतं असं." याची मला अजून लाज वाटते. महिनाअखेर तिने काम सोडलं.

परवा ती गेल्याचं कळलं, म्हणून खारबावला गेले. सून म्हणाली, "शेवटपर्यंत एकच इचारायची, नसीमची पोर वाढली का. आमाला काय ठावं?"

मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी नसीम मुलीला तपासायला घेऊन आली होती. चांगली गुटगुटीत, वॉर्डभर धावत होती. मावशीला सांगायला रविवारी जाऊ म्हटलं, आणि गेले नाही.