पितृपक्षातला लॅपटॉप

आमच्या घरात पहिला लॅपटॉप आला तो पितृपक्षात, आणि पुढे जे काही झालं ते त्यामुळेच झालं, असं माझ्या मामांचं मत अजूनही आहे. माझं मत वेगळं आहे. ते मी त्यांच्यासमोर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल सगळ्यांना आदर होता, आणि त्याबद्दल सल्ला द्यायचा हक्क आपल्याला आहे असंही सगळ्यांना वाटायचं. बुलढाण्याकडे, मोताळ्याच्या पुढे आमचं गाव. गावातल्या विहिरींचं पाणी मी वर्षभर बाटल्यांत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं होतं आणि कुठल्या विहिरीचं पाणी किती खारं, कुठल्या महिन्यात खारं, हे तपासलं होतं. त्या कामाच्या जोरावर पुण्यातल्या एका संस्थेत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत ऑनलाइन. आपलं काम पडद्यावर दाखवायचं, म्हणून लॅपटॉप हवाच, मोबाईल चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. दिवस नेमका सर्वपित्री अमावस्येचा.

घरात दुसरंही एक बोलणं चालू होतं. दिवाळीनंतर माझ्यासाठी स्थळं बघायची. प्रशिक्षण मिळालं असतं तर ते बोलणं निदान सहा महिने मागे पडलं असतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्या मुलाखतीकडे मी कशी बघत होते ते यावरून कळावं.

लॅपटॉप आणायची जबाबदारी मामांनी घेतली. मामा एका कृषी केंद्रात कामाला आहेत. तिथल्या संगणकावर ते खताची आणि बियाण्यांची बिलं छापतात. त्यासाठी जी बटणं दाबावी लागतात ती ते रोज दाबतात, आणि तेवढ्या भांडवलावर आमच्या सगळ्या नातेवाइकांत ते संगणकातले जाणकार ठरले आहेत. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत, म्हणून ते आधी अडून बसले. मुलाखतीची तारीख पुढे ढकलायला सांग, असं त्यांनी मला दोनदा सुचवलं. पुण्याची माणसं माझ्यासाठी पितृपक्ष पाळणार नाहीत, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग एका संध्याकाळी ते बुलढाण्याहून लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "घे पोरी. म्या सगळं बराबर करून आनलं. काही दोष नाई आता." काय बरोबर करून आणलं, ते मी विचारलं नाही. पक्ष असल्यामुळे हळदी-कुंकू लावलं नाही, नारळ फोडला नाही. बाबा शेतातून आले, हात धुऊन जवळ बसले आणि नुसतं बघत राहिले.

मी मोबाईलचं हॉटस्पॉट सुरू केलं. लॅपटॉप त्याला लगेच जोडला गेला, कोपऱ्यात तशी खूणही आली. पण काहीही उघडायला गेलं की पांढरं पान यायचं, त्यावर लाल त्रिकोण आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ: तुमचं कनेक्शन खासगी नाही. त्याखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असायचं आणि अगदी खाली एक बटण. मामांनी त्यातला 'कनेक्शन' हा एकच शब्द वाचला आणि निदान केलं की रेंज नाही. मोबाईलवर सगळं चालतंय, हे मी दाखवलं. ते म्हणाले, मोबाईलला थोडी रेंज पुरते, लॅपटॉप मोठा असतो. त्यांनी माझा मोबाईल डब्याच्या पिशवीत घातला आणि छपरावर डिशच्या खांबाला टांगला. आता लॅपटॉप खाली घरात आणि मोबाईल वर आभाळात. आधी निदान जोडलं तरी जात होतं, ते पण सुटलं. "पाह्य, रेंजच नाई," मामा खाली येऊन म्हणाले, आपलं खरं ठरल्याच्या समाधानात.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन लावला. मामांशी बोलताना तो त्यांना भाऊ म्हणत होता. फोन माझ्या हातात आल्यावर मी मॅडम झाले आणि माझ्या लॅपटॉपशी असलेला त्याचा संबंध संपला. दुकानात चालू करून दिला होता, तेव्हा काही तक्रार नव्हती, म्हणाला. मी विचारलं, दुकानात नेट लावून बघितलं होतं का. तो म्हणाला, नेटचं आमच्याकडे नसतं, नेटचं तुमच्या गावचं बघा. मग त्याने मला कंपनीचा नंबर दिला. तो खोक्यावर छापलेलाच होता.

कंपनीच्या फोनवर बऱ्याच वेळाने एक तरुण हिंदीत बोलायला आला. त्याने मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी सांगितलं की आमच्याकडे राउटर नाही, मोबाईलचं नेट आहे. "जी मैडम, मैं समझ सकता हूँ," तो फार नम्रपणे म्हणाला, "अब राउटर को बंद करके चालू कीजिए." मग त्याने विचारलं, चालू झाला का. मी हो म्हणाले, कारण त्याशिवाय तो पुढच्या ओळीवर जाणार नव्हता. पुढची ओळ अशी होती की चोवीस तास वाट बघा.

तेवढी वाट न बघता मी एसटीने लॅपटॉप कॉलेजात नेला. पिशवी मांडीवर, वर ओढणी. आमच्या संगणकाच्या सरांना कॉलेजात सगळे मानतात. सरांनी वर्गासमोरच सुरुवात केली: घेताना विचारायचं नाही आणि बिघडलं की आणायचं, ही तुमच्या खेड्यातल्या पोरांची पद्धतच आहे. वर्ग हसला. खेड्यातून आलेली पोरंच जास्त हसली. सरांनी लॅपटॉप कॉलेजच्या वायफायला जोडला. तोच लाल त्रिकोण. मला मनातून जरा बरं वाटलं, कारण आमच्या गावच्या नेटवरचा आरोप गेला होता. मी भीतभीत म्हणाले, "सर, म्हणजे नेटचा प्रश्न नसेल. खाली काहीतरी लिहिलंय, ते वाचायचं का?"

"ते सगळ्यांनाच येतं," सर म्हणाले, आणि त्यांनी पान बंद केलं.

पान बंद करण्यात त्यांचा हात फार सफाईने चालतो. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. मग त्यांनी आतलं काहीतरी काढून टाकलं आणि वायफायची खूणच नाहीशी झाली. दुपारपर्यंत त्यांनी ती परत आणली आणि लॅपटॉप माझ्याकडे देत सांगितलं की ड्रायव्हरचा लोच्या होता, आता क्लिअर आहे. आता एखादं पान उघडतंय का, हे त्यांनी बघितलं नाही. मीही त्यांच्यासमोर बघितलं नाही. उघडलं नसतं तर मला पुन्हा वर्गासमोर उभं राहावं लागलं असतं. एसटी स्टँडवर बसून बघितलं. उघडलं नाही.

सरांना संध्याकाळी फोन केला तेव्हा ते म्हणाले, मग सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, सोमवारी घेऊन ये. मुलाखत त्याच्या आधी होती, हे मी त्यांना दुपारीच सांगितलं होतं.

अमावस्या उजाडली. घरात पहाटेपासून स्वयंपाक चालला होता, वड्यांचा आणि कढीचा वास माजघरापर्यंत येत होता. मामा जेवायला म्हणून सकाळीच आले होते. मुलाखत अकराला. मी आतल्या खोलीत पलंगावर लॅपटॉप मांडून बसले. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्याने डोकं जरा शांत झालं. मी तोच लाल त्रिकोण समोर आणला आणि बारीक अक्षरं एकेक शब्द करत वाचायला घेतली, अडलेला शब्द मोबाईलवर बघत. माझं इंग्रजी काही फार चांगलं नाही. पण ती वाक्यं अवघडही नव्हती. मग इतक्या जाणकारांपैकी एकानेही न दाबलेलं ते खालचं बटण मी दाबलं. आत लिहिलं होतं की तुमच्या संगणकात आजची तारीख अमुक आहे, ती बरोबर आहे का ते तपासा.

तारीख होती उन्हाळ्यातली. चार-साडेचार महिन्यांपूर्वीची.

मी लॅपटॉप तसाच उचलून ओसरीवर नेला आणि मामांना दाखवला. मला वाटलं ते चकित होतील. ते शांतपणे म्हणाले, "मंग? आखाजीपासून चालू हाय थे. म्याच लावाले सांगतली दुकानवाल्याले."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आपण कसं डोकं लढवलं ते कळावं अशा बेताने. पितृपक्षात नवं यंत्र सुरू करायचं नाही. पण मुलाखतीसाठी ते हवं. म्हणून दुकानदाराला सांगून यंत्रात आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची तारीख घातली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. म्हणजे यंत्राच्या हिशोबाने ते आखाजीलाच सुरू झालं. तारीख आपोआप बदलू नये म्हणून दुकानदाराने ती सोयही बंद करून दिली होती. ह्या दोघांना सगळं ठाऊक होतं. एकाने माझा मोबाईल खांबाला टांगला, दुसऱ्याने मला आमच्या गावचं नेट बघायला सांगितलं.

चुकीच्या तारखेने पानं का अडतात हे मी नंतर वाचून काढलं. प्रत्येक वेबसाइट आपल्या ओळखीचा एक दाखला दाखवते, आणि तो कधीपासून कधीपर्यंत चालतो ते त्यावर असतं. आमच्या लॅपटॉपसाठी वैशाख चालू होता, आणि समोर येणारे दाखले श्रावण-भाद्रपदातले. अजून न उगवलेल्या दिवसाचा दाखला कोण मान्य करील? लॅपटॉप बिचारा प्रत्येक वेळी नाही म्हणत होता आणि का म्हणतो तेही लिहून देत होता. ह्या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं वागला तो एकटाच.

मी मामांना म्हणाले, आता आजची तारीख लावते. ते ताडकन उठले. आज अमावस्या, म्हणाले. आतापर्यंत यंत्र शुद्ध होतं, आज तारीख लावली तर सर्वपित्रीलाच सुरू झाल्यासारखं होईल, आणि पहिलंच काम मुलाखतीचं. "उद्याची लाव," ते म्हणाले. "उद्या घट बसतेत. एका दिवसानं तुह्या लॅपटॉपले काय फरक पडते?"

त्यांच्या मुहूर्ताला एका दिवसाने एवढा फरक पडतो आणि माझ्या लॅपटॉपला पडू नये, असं मनात आलं. उद्याची लावली असती तर बहुतेक चाललंही असतं, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच वाटत होतं की पुण्याच्या माणसांसमोर बसताना माझ्या समोरच्या यंत्रात तरी खोटी तारीख नको. पण मामांचा शब्द मी जन्मात मोडला नव्हता, आणि अकराला थोडाच वेळ होता.

आई पिठाच्या हातांनी दारात आली. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"भाऊ," ती मामांना म्हणाली, "पितर कोनाचे हायेत? आपलेच न? थे पोरीचं वाईट कायले करतीन? तू ताटावर बस, वडे थंडे होऊन राह्यले."

मामा काहीतरी पुटपुटले. आई तोवर आत गेली होती. आमच्याकडे ताट वाढल्यावर वाद घालत नाहीत, आणि मामा तर मुळीच घालत नाहीत. ते पाटावर बसले. मी खोलीत येऊन आजची तारीख लावली. पान उघडलं, लगेच, जसं काही त्याचं कधी अडलंच नव्हतं.

मुलाखतीला समोर दोन मॅडम होत्या आणि एक सर. सरांचा आवाज मधेमधे तुटत होता, एकदा तर ते तोंड उघडं असतानाच गोठले आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांच्या गावच्या रेंजबद्दल कोणी काही बोललं नाही. पुण्यात असं झालं तर त्याला तांत्रिक अडचण म्हणतात आणि हसून सोडून देतात. त्यांचा मोबाईल खांबाला टांगायला कोणी नव्हतं, याचं मला जरा वाईटच वाटलं.

मी विहिरींचा नकाशा दाखवला, महिन्यांप्रमाणे पाणी दाखवलं. बोलताना मधेच 'मले' म्हणाले आणि थांबून 'मला' म्हणाले. मोठ्या मॅडमनी एका जागी बोट ठेवलं. ह्या दोन विहिरी एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे आहेत, मग एकीचं पाणी गोड आणि एकीचं खारं का, त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला वर्षभर पडलेला होता. उत्तर नव्हतं. एक क्षण वाटलं की ठोकून द्यावं काहीतरी, खडक म्हणावं, झरा म्हणावं. ठोकून कसं द्यायचं हे मी गेले काही दिवस चांगल्या चांगल्या लोकांकडून बघत होते. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की इतक्या माणसांना विचारत फिरले, पण 'माहीत नाही' एवढं एकानेही म्हटलं नव्हतं.

"मॅडम, मला माहीत नाही," मी म्हणाले.

सर पुन्हा गोठले होते. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. माझी निवड पुढे झाली, ती ह्या उत्तरामुळे की उत्तर देऊनसुद्धा, हे मला कोणी सांगितलेलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. तेव्हा मात्र सगळं संपलं असंच वाटलं होतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग ते शोधायचं झालं तर सुरुवात कुठून कराल?"

बाहेर मामा आणखी वडे मागत होते. मी त्या पलंगावरच जरा सरळ बसले, आणि सांगितलं की आधी दोन्ही विहिरी किती खोल आहेत ते दोर सोडून मोजीन.