जावई गेला नाही ती जागा

माझ्या आईने माझ्या नवऱ्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि त्यानेही तिचं. भांडण मुळीच नाही. एकाच अंगणात आमची दोन घरं आहेत आणि दोघांचा एकमेकांवर जीव आहे. पण आमच्या जमातीत सासू-जावयाने एकमेकांना बघायचं नसतं, बघितलं तर डोळे जातात. हल्लीची पोरं यावर हसतात. माझी आई, ग्लेनाबा, हसत नाही. लग्न ठरलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पाळेल का तो?" हर्शेल म्हणाला, पाळीन. आणि त्याने असं पाळलं की मलाच त्याचा कंटाळा आला.

त्याची पिकअप चढावर आली की तो दोनदा हॉर्न वाजवतो आणि आई आत जाते. आईच्या कमरपट्ट्याला चांदीची घुंगरं आहेत. ती वाजली की हर्शेल असेल तिथून पाठ फिरवतो. मधल्या मधे मी निरोप्या.

"सांग तुझ्या नवऱ्याला, मागचं चाक बसलंय. जगाची जमीन बघत फिरतो, स्वतःचं चाक दिसत नाही."

"सांग तुझ्या आईला, रस्सा झकास. मीठ संपलं असेल तर दुकानातून आणून देतो."

कोळशाचं वीजकेंद्र चालू होतं तोवर हर्शेल तिथे कामाला होता. तिथल्या तारा आमच्या कुरणावरून गेल्या, घरात मात्र कंदीलच राहिला. ते केंद्र बंद पडलं आणि हर्शेल दूर फिनिक्स शहरात बांधकामावर गेला. शुक्रवारी रात्री दमून यायचा, रविवारी जेवून परत. आमची मुलगी शेयना त्याला पाहुण्यासारखं "बसा" म्हणायला लागली. मला रडू यायचं आणि रागही यायचा, कुणाचा ते कळायचं नाही.

मग सौरऊर्जेची कंपनी आली. आमच्या पठाराखालच्या उतारावर मैलोन् मैल उन्हाची वीज करणाऱ्या काचा लावायच्या होत्या. हर्शेलला तिथे काम मिळालं: पायी फिरायचं, कुणाचं घर, विहीर, मेंढवाडा कुठे ते नकाशावर लिहायचं, आणि चराईचा परवाना असलेल्यांशी बोलायचं. सगळ्यांची संमती आणि गावसभेचा ठराव झाला की त्याची नोकरी पक्की, घरी राहून. नाहीतर पुन्हा फिनिक्स.

सगळे हो म्हणाले. राहिली आमची आई.

"सूर्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण नकाशा समोर आल्याशिवाय अंगठा नाही. सभेत लावू दे, तिथे बघू."

"आई, घरचाच माणूस आहे ना? त्याने केलाय नकाशा."

"म्हणून तर नीट असणार. मग घाई कशाला?"

सभेच्या दिवशी हर्शेल दालनात, म्हणून आई बाजूच्या स्वयंपाकघरात. मधल्या खिडकीचं झापड तिने निम्मं ओढून घेतलं आणि रोट्या तळणाऱ्या बायकांत बसली. अध्यक्ष होते लेस्टर मामा, आईचे धाकटे भाऊ. कंपनीचा क्लेटन नावाचा साहेब काठीने भिंतीवरचा नकाशा दाखवत होता. माणूस बोलायला गोड होता. मला पहिल्यापासून आवडला नव्हता.

"आणि हा पिवळा भाग," तो म्हणाला, "तांबड्या कड्याखालचा, ओहोळाच्या वळणावरचा. पूर्ण रिकामा. इथे कुणीच नाही. तुमच्याच हर्शेलने पायी फिरून खात्री केलीय. तिथूनच सुरुवात करू."

तो आईचा हिवाळी मेंढवाडा होता.

मी हर्शेलकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. तेव्हा मला उमगलं. हिवाळ्यात सगळा उतार त्याने पिंजून काढला होता, पण त्या वळणाशी आला की घुंगरं ऐकू यायची आणि तो पाठ फिरवायचा. तो तुकडा कोरा राहिला. ऑफिसात कुणीतरी कोऱ्याचं रिकामं केलं.

स्वयंपाकघरात घुंगरं वाजली. हर्शेल गर्रकन वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दार उघडलं. आईने डोक्यावरून घोंगडी ओढली होती, नाकाचा शेंडाही दिसत नव्हता. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"कुठे उभे आहेत ते?" तिने विचारलं.

"नकाशापाशी. पाठ आहे."

आयुष्यात पहिल्यांदा ती जावयाशी बोलली. आमच्यात परक्या माणसाला ओळख द्यायची पद्धत असते, आधी आईचं कूळ, मग ज्याच्यासाठी जन्मलो ते बापाचं, तशी तिने दिली.

"जावईबापू, मी उंच घराच्या कुळातली, कडू पाण्याच्या कुळासाठी जन्मलेली. माझं नाव ग्लेनाबा. हिवाळाभर मी तांबड्या कड्याखाली असते. माझी नाळ तिथे पुरलीय, माझ्या मुलीची पुरलीय. तुमच्या शेयनाचीही तिथेच आहे. तुम्ही मला बघायचं नाही, हे ठीक. पण मी तिथे नाहीच, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

हर्शेल भिंतीशीच बोलला.

"मी चिखलाच्या कुळातला, मिठाच्या कुळासाठी जन्मलेला. हर्शेल. आई, नकाशा मी केला. माझं चुकलं."

"ठीक आहे, दुरुस्त करू," क्लेटन म्हणाला. "कुंपण काय, सरकवता येतं."

"नाळाही सरकवा मग," आई घोंगडीतून म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

क्लेटनचा गोडवा संपला. तो तुकडा गेला तर काचांच्या रांगा बसत नाहीत, तारा ओढता येत नाहीत. ठराव आज, नाहीतर कंपनीकडे खिंडीपलीकडची जागा तयार आहे. "हर्शेल, तू सांग यांना. तुझ्या घरचा प्रश्न आहे."

मी मनात ओरडत होते, काहीतरी तोड काढ, माझ्याकडे बघ. हर्शेलने खिशातून पेन काढलं, नकाशावर तांबड्या कड्याखाली जाड गोल केला आणि त्यात आईचं नाव लिहिलं. लेस्टर मामांनी ठरावावर मत घेतलंच नाही.

परत येताना मी आईवर सगळा राग काढला. "मिळाला तुझा वाडा! माझा नवरा चालला परत." घर जवळ आल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी मी वाड्यावर नसेन. सांग त्यांना, बघून जा."

सकाळी आम्ही गेलो. कमरपट्टा आईने फाटकाच्या खांबाला टांगून ठेवला होता, म्हणजे ती तिथे नाही हे त्याला दिसावं. वाऱ्याने घुंगरं वाजली आणि हर्शेल सवयीने पाठ फिरवून उभा.

"अरे, वारा आहे!"

तो ओशाळून हसला. शेयनाची नाळ कुठे ते मी ओठ पुढे काढून दाखवलं, आमच्यात बोट दाखवत नाहीत. तो तिथे उकिडवा बसला, मातीवर हात ठेवून. चुलीपाशी आईने त्याच्यासाठी कॉफी झाकून ठेवली होती. ती त्याने संपवली आणि कप धुऊन पालथा घातला.

कंपनी खिंडीपलीकडे गेली. हर्शेलला तिकडे बोलावलं नाही. पुढच्या रविवारी त्याने पिकअपमध्ये सामान टाकलं. मी त्याच्याशी धड बोलले नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जाताना हॉर्न वाजवायची रीत नाही, आई आधीच आत असते. तरी चढावर पोचल्यावर त्याने दोनदा वाजवला. आई दाराआड उभी होती. तिने कमरपट्टा सोडून हातात घेतला आणि दाराच्या फटीतून बाहेर धरून जोरजोरात हलवला, पिकअपची धूळ खाली बसेपर्यंत.

मग मला म्हणाली, "ऐकू गेलं असेल का गं त्यांना?"