नऊ दिवसांचा गहू

देवासच्या भास्कर मास्तरांच्या घटाचा गल्लीत काय तोरा होता! नवरात्रात लोकांचं धान वीतभर, यांचं हातभर. मास्तर विज्ञानाचे. देवघरात घटावर काचेचं झाकण ठेवायचे, आत वाटीत खाण्याचा सोडा आणि सिरका, म्हणजे व्हिनेगर. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मिळाला की गहू तरारायचा. दसऱ्यानंतर तेच तुरे शाळेत नेऊन मास्तर सांगायचे, "देखो भिया, ये हवा पौधे का खाना है. जितनी बढ़ेगी, उतनी फसल!" बत्तीस वर्षं हाच पाठ.

निवृत्त झाले. यंदा फेब्रुवारीतच उन्हानं कहर केला. मार्चमध्ये सोनकच्छहून थोरली बहीण अक्का आली, शेतातला गहू घेऊन. "बघ तुझी हवा! रोपं कमरेएवढी, अन् आत काय आहे?"

मास्तरांनी ओंबी चोळली. दाणे सुरकुतलेले, जिऱ्याएवढे. फुंकर घातली तर निम्मे उडालेच. ज्या हवेनं रोप वाढवलं, तिनंच ऊनही वाढवलं होतं, अन् उन्हानं दाणा भरू दिला नव्हता. हे मास्तरांनी वाचलं नव्हतं थोडंच? पण घट गार देवघरातला, दहाव्या दिवशी उपटलेला. दाणा भरेपर्यंत त्यांनी गहू कधी पाहिलाच नव्हता!

"मी पोरांना खोटं शिकवलं, अक्का."

"खोटं कुठं रे? अर्धं."

"अर्धं तर त्याहून वाईट!"

कितीजणांना गाठणार? निदान अंशुलला तरी सांगू, म्हणून ते अक्काबरोबरच बसनं निघाले. त्यांचा हा लाडका विद्यार्थी आता सोनकच्छच्या शाळेत विज्ञान शिकवत होता. वर्गात शिरले तर टेबलावर तेच काचेचं झाकण, तोच सोडा.

अंशुल धावत येऊन पाया पडला. "बच्चों, यही हैं वो सर!" टाळ्या झाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मास्तरांना. त्यांनी पिशवीतले दाणे टेबलावर ओतले. "अंशुल, पाठ बदल बाबा. ये अधूरा है."

अंशुल हळूच म्हणाला, "सर, परसों पेपर है. बच्चे कन्फ्यूज़ हो जाएँगे. और आप ही ने तो सिखाया."

पहिल्या बाकावरची मुलगी दाण्यांकडे बघत होती. "सर, हमारे खेत में भी ऐसे ही निकले. तो इस साल वो हवा कम थी क्या?"

मास्तर तिला सांगायला पुढे झाले. तेवढ्यात अंशुलच बोलून गेला, "हाँ बेटा, कम रही होगी."

मुलीनं ते वहीत नीट लिहून घेतलं.