सायकलच्या ट्यूबचा करडा पट्टा

ती घटना आठवली की आजही माझे कान तापतात, कारण तिच्यात सगळ्यात मोठा मूर्ख मीच ठरलो होतो.

स्वातंत्र्याला जेमतेम पंधरा-सोळा वर्षे झाली होती. पुण्यातल्या एका ठाण्यात मी नुकताच फौजदार म्हणून बदलून आलो होतो. सदाशिव पेठेतले एक शिक्षक तक्रार अर्ज घेऊन आले. त्यांची मुलगी टायपिंगच्या क्लासला जायची. तिचे लग्न तीनदा ठरले आणि तीनदा मोडले. दर वेळी मुलाकडच्यांना टाइप केलेले निनावी पत्र गेले होते, तिच्या चारित्र्याबद्दल नाही नाही ते लिहिलेले.

"अहो साहेब, पोरीने जेवण सोडलंय," शिक्षक म्हणाले. "आपण काहीतरी करा."

तिन्ही पत्रांवर डाव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, एक पुसट करडा पट्टा होता. ही खूण मी ठाण्यात कुणाला सांगितली नाही. अशा गोष्टी तपासात झाकून ठेवायच्या असतात. क्लासची सगळी मशीन्स मी स्वतः चालवून पाहिली, पट्टा कुठेच उठेना. मग टाइपरायटर विकणाऱ्या एका दुकानदाराला पत्र दाखवले. त्याने ते उजेडात धरले.

"नव्या घाटाच्या मशीनला कागद दाबून धरायला एक दांडी असते. तिच्यावर दोन छोटी रबरी चाकं. ती परदेशातून यायची, आता मिळत नाहीत. झिजलेल्या चाकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की कागदावर असा पट्टा उठतो. इथे डाव्या चाकावर चढवलाय, आणि असं करणारा मेकॅनिक पुण्यात एकच आहे."

त्या मेकॅनिकला मी उचलून आणले. पन्नाशीचा मुसलमान कारागीर, तीन पिढ्या पुण्यातला. क्लासची मशीन्स तोच साफ करायचा, म्हणजे मुलीचे नाव-पत्ता त्याला माहीत. झाले! माझ्या लेखी गुन्हा उघडकीस आला होता.

"हे पत्र कुठल्या मशीनवरचं आहे?"

त्याने पत्र पाहिले. मग माझ्या शेजारी लिहून घेत बसलेल्या रायटर हवालदाराकडे पाहिले.

"सांगता येत नाही, साहेब."

दोन दिवस हेच चालले. कागदोपत्री अटक नव्हती, नुसता बसवून ठेवला होता. मी आवाज चढवला, एकदा हातही उचलला. त्याची लाज आज वाटते, तेव्हा वाटली नाही. मशीनच्या घडणीबद्दल मात्र विचारले की गडी खुलायचा.

"जुनी मशीन्स उंच, काळी चकचकीत, बाजूंनी उघडी. आता बघा, बुटकी, गोल कोपऱ्यांची, खरखरीत रंगाची. ज्याने ही घडवली त्याने टायपिस्टच्या डोळ्यांचा विचार केला, चमक मारू नये म्हणून. कानांचाही केला, आवाज दबावा म्हणून पत्र्याला आतून नमदा लावला. फक्त दुरुस्त करणाऱ्याला विसरला."

"शहाणपणा पुरे. उद्या अटक दाखवतो, मग कोर्टात दे व्याख्यान!"

त्याचा चेहरा उतरला. असल्या आरोपातल्या माणसाला मुलींच्या क्लासात परत कोण पाऊल ठेवू देणार? धंदा आणि अब्रू, दोन्ही जाणार हे त्याला कळत होते. तरीही तो बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रायटरने त्याचा जबाब ठाण्याच्या मशीनवर टाइप केला, कागद ओढून काढला आणि सहीसाठी पुढे सरकवला. मेकॅनिकने पेन घेतले नाही. टेबलावरचे निनावी पत्र उचलून त्याने जबाबाशेजारी ठेवले आणि दोन्हींच्या कडा बोटांनी जुळवल्या.

"साहेब, सही कुठल्या कागदावर करू?"

दोन्ही कागदांवर तोच करडा पट्टा होता, त्याच जागी. फाईल उघडली तर शिक्षकांचा जबाब, क्लासचा पंचनामा, सगळ्यांवर पट्टा आणि खाली माझी सही! आठवडाभर मी पुरावा स्वतःच्या हाताने फाईलला लावत होतो.

"अरे देवा," एवढेच माझ्या तोंडून निघाले.

रायटर पांढराफटक पडला. तासाभरात त्याने सगळे सांगितले. धाकट्या भावासाठी त्याने त्या मुलीला मागणी घातली होती आणि शिक्षकांनी नकार दिला होता. दुपारी सगळे जेवायला गेले की तो पत्र टाइप करायचा. मशीनला ट्यूब लावली आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता. मला मात्र तो खुर्चीत बसलेला पाहवेना. माझी मुले त्याला काका म्हणू लागली होती हो!

"चाचा, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही बोललात?" मी मेकॅनिकला विचारले.

"ट्यूब मीच लावली होती, तुम्ही इथे यायच्या आधी. पत्र बघताच मशीन ओळखलं. पण मी बोललो असतो तर लिहून कोण घेणार होतं, साहेब? तुमचे रायटरच ना?"

जबाब देणारा माणूस गप्प होताना कुणाकडे बघतो, हे पाहायची सवय मला या केसने लावली. पण ती सवय मला लागावी म्हणून एका निरपराध माणसाने मार खाल्ला होता.

ते मशीन मुद्देमाल म्हणून कोर्टात गेले. पुढे नवे आले आणि त्याच्या साफसफाईला मी चाचांनाच बोलावले. चहा मागवला, खुर्ची पुढे केली, माफी मागितली. त्यांनी खुर्चीकडे पाहिले आणि हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"उभ्यानेच करतो, साहेब. या खुर्चीत दोन दिवस बसलोय मी."