गोळीच्या बाटलीची सवय

माझं पहिलं बाळंतपण नांदेडला माहेरी झालं. बाळ बारशाआधीच गेलं. सव्वा महिन्यानं लातूरला सासरी आले, तेव्हा माझ्या पोटात काही टिकत नव्हतं. भाकरी भाजल्याचा वास आला तरी उमळून यायचं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी कण्या करून पाहिल्या, ताक दिलं, आल्याचा रस चाटवला. सगळं उलटून पडायचं. शेवटी त्याच ह्यांना म्हणाल्या, "गंजातून येताना ती गोळीची बाटली आण रे. तिनं पोट हलकं होतं म्हणतात."

हे गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, एका अडत दुकानावर कामाला होते. संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी सोडा-लेमन आणलं. बाटलीच्या गळ्यातली काचेची गोळी अंगठ्यानं आत दाबली तसा फेस उसळला. मी घाबरत दोन घोट घेतले. ते राहिले पोटात. कितीतरी दिवसांनी काहीतरी राहिलं होतं. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

पण मग त्याचीच सवय होऊन बसली. पोट सुधारलं तरी बाटली सुटली नाही. दुपार कलली की जीव कासावीस व्हायचा, ह्यांच्या वहाणांचा आवाज कधी येतो याकडे कान लागायचे. घरातलं काम हात करत राहायचे, मी त्यात नसायचे. बाटली आली की जेवण नको व्हायचं. हळूहळू दातांना ठणका लागला, छातीत जळजळ सुरू झाली, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. असं दीड-दोन वर्षं चाललं. दुसऱ्यांदा दिवस राहत नव्हते, त्याची कुजबुज कानावर यायची. खरं सांगते, त्याचंही मला काही वाटेनासं झालं होतं.

शेवटी आत्याबाई मला हकीमसाहेबांकडे घेऊन गेल्या. त्यांनी पडद्याआडून नाडी पाहिली, काय खाते-पिते विचारलं, आणि हसले. "हिला दवा काय द्यायची? हे गोड पाणी बंद करा. भूक लागू द्या."

घरी आल्यावर मी भिंतीला टेकून बसले. "आत्याबाई, मला न्हाई जमायचं."

त्या उठल्या. मग कोनाड्यातली मिश्रीची डबी काढून ह्यांच्या हातात दिली. तंबाखू भाजून केलेली मिश्री त्या दिवसातून चार वेळा लावायच्या. "ही टाक उकिरड्यावर. आजपासून मीबी सोडली. ही एकटीच कशापायी कुढंल?"

त्यानंतरचे दिवस आठवले तरी थकायला होतं. घरात दोन बायका, दोघींचीही डोकी ठणकत असलेली. दुपारी कपाळावर ओली फडकी ठेवून आम्ही शेजारी शेजारी पडायचो. पाण्याच्या तांब्यावरून भांडायचो. ह्यांनी एकदा बिचकत पिठलं केलं, ते खाली लागलं. आम्ही दोघींनी मुकाट खाल्लं, कारण नावं ठेवायलाही त्राण नव्हतं.

एके दिवशी शेजारी सोयरीक ठरवायला पाहुणे आले. दुपारच्या शांततेत भिंतीपलीकडून गोळी दाबल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. मी निवडत होते ते तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि रडायला लागले. थांबेचना. बाळ गेलं तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

आत्याबाई जवळ येऊन बसल्या. "बाटलीसाठी रडायलीस का लेकरासाठी?"

"ठाऊक न्हाई."

"असू दे. रड." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "माझी दोन गेली. तवाच मला मिश्री लागली. दात घासायच्या निमित्तानं तोंड झाकून बसता यायचं."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. त्यांच्या लुगड्याला हळदीचा आणि घामाचा वास येत होता. त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी खाल्ली, नंतर झोपले.

माझी बाटली सुटली. आत्याबाईंची मिश्री काही सुटली नाही. महिना व्हायच्या आत त्या गोधड्यांच्या चळतीमागं बसून गुपचूप दातांवर बोट घासताना दिसल्या. त्या लाजल्या. बाजाराच्या दिवशी तंबाखू आणवला आणि तव्यावर मीच भाजून दिला.

पुढच्या साली रझाकारांची धामधूम वाढली, तेव्हा आम्ही घराला कुलूप घालून निजामाच्या सरहद्दीपलीकडे बार्शीला गेलो. मला तेव्हा दिवस गेले होते. उन्हातान्हात, बैलगाडीत हाडं खिळखिळी झालेली. बार्शीत शिरताच ह्यांनी कुठूनसं सोडा-लेमन आणून माझ्यापुढं धरलं. मी घोटभर घेतलं. नुसतं गोड होतं, नाकाला झोंबणारं. जिंकल्याचं वगैरे काही वाटलं नाही. पाठ भरून आली होती, कुठंतरी आडवं व्हायचं होतं. बाटली आत्याबाईंकडे दिली, आणि गाडीतली वळकटी ओढून झाडाखाली पसरली.