ब्रेकला घातलेलं तेल
परवा रक्त तपासायला गेलो, हातावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासानं राजारामपुरीतलं सायकलचं दुकान आठवलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मुलगी सायकलनं पन्हाळ्याला जाणार होतो. तिच्या गिअरच्या सायकलची सगळी कामं मी यादी करून घरीच उरकली होती. चेन, बोल्ट, गिअर, ब्रेक, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. फक्त हवा भरायला दुकानात गेलो. म्हाताऱ्या मिस्त्रींनी सहज चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. "पावणं, ब्रेकच्या डिस्कला तेल कुणी घातलं?" "मीच. कुईकुई वाजत होता." "आता वाजायचा न्हाय. थांबायचा बी न्हाय. कुठं निघालाय?" "उद्या पन्हाळा. लेकीची सायकल आहे." मी यादी पुढं केली. स्पिरिटनं डिस्क पुसून नवे पॅड बसवत ते म्हणाले, "कागूद ठेवा खिशात. एक फेरी मारून या की." गल्लीच्या टोकाला मी ब्रेक दाबला; सायकल जागच्या जागी थांबली. मुलीला हे मी कधीच सांगितलं नाही. यादीतल्या सगळ्या खुणा झाल्यावरही बाबा तिची सायकल घेऊन गल्लीत फेरी कशाला मारतात, असं ती अजून विचारते.